तीन नंबरची टोपी

निरीक्षकांना कधी कुणी घाई करताना पाहिलं नव्हतं. शहरातल्या लिफ्ट तपासायच्या, हे त्यांचं सरकारी काम. एखाद्या इमारतीत शिरले की ते आधी लिफ्टच्या दारासमोर नुसते उभे राहायचे आणि ऐकायचे. मग गच्चीवरच्या यंत्रखोलीत जायचे, तेही जिन्याने. कुणी विचारलंच, तर म्हणायचे, "तपासल्याशिवाय मी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही." तपासून झाल्यावर उतरायचेही जिन्यानेच. त्याचं कारण विचारायची हिंमत कुणी केली नव्हती.

तपासणीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबवावी लागे. ती थांबली की निरीक्षक आत खाली बसायचे, डबीतले भाजलेले शेंगदाणे काढून एकेक सोलून खायचे. बाहेर लोक दार बडवत. "झालं का हो?" "होतंय," आतून आवाज येई. त्या जागेइतकी शांतता त्यांना घरीही मिळत नसे.

"यांनी लग्नाला होकार देईपर्यंत माझ्या ताईचं लग्न होऊन तिचा मुलगा चालायला लागला होता," असं त्यांची बायको पाहुण्यांना सांगायची. आणि यात अतिशयोक्ती नव्हती.

त्या ताईचा नवरा, म्हणजे निरीक्षकांचे साडू, हा अगदी उलट मामला. फरशीचा व्यापार, बाजारपेठेत मोठं दुकान, आवाज त्याहून मोठा. निरीक्षकांनी पंखा घेतला की साडूंकडे त्याआधीच कूलर आलेला असे. निरीक्षकांच्या मुलीला ऐंशी टक्के मिळाले, तर साडू म्हणत, "छान! आमच्या पोराला नव्वद पडले तेव्हा आम्ही त्याला ओरडलो होतो." माणूस मनाने वाईट नव्हता. फक्त दुसरं येण्याची त्यांना सवय नव्हती.

गोल्फचं वेडही निरीक्षकांना साडूंमुळेच लागलं. डॉक्टरांनी निरीक्षकांना मोकळ्या हवेत चालायला सांगितलं होतं. ते ऐकून साडू म्हणाले, "नुसतं काय चालायचं? नुसते चालतात ते टपालवाले. माणसानं चालता चालता काहीतरी मारत जावं!" आणि पाणीपुरवठ्याच्या टाक्यांमागे जे सार्वजनिक मैदान होतं, तिथे ते त्यांना घेऊन गेले. तिकीट काढायचं आणि खेळायचं. नऊ भोकं, मध्ये एक तळं, कडेला झाडं.

निरीक्षकांना खेळ आवडला. या खेळात घाई केली तर शिक्षा होते, हे पाहून त्यांना आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. जुन्या बाजारातून घेतलेल्या लोखंडी स्टिका घेऊन ते दर रविवारी जाऊ लागले. पण एका जागी त्यांची गाडी अडायची. पहिला फटका मारून झाला की चेंडू मैदानाच्या मधल्या पट्ट्यात, कापलेल्या गवतावर पडलेला असे. त्याला फेअरवे म्हणतात. तिथून भोक अजून लांब. लोखंडी स्टिक तिथवर पोचत नसे.

"तुमच्याकडे फेअरवे वूड नाही ना, म्हणून!" साडू म्हणाले. "तीन नंबर घ्या. माझा बघा." त्यांनी पिशवीतून एक लांब स्टिक काढली. तिच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती आणि टोपीवर केवढा तरी मोठा ३ विणलेला. साडूंनी पाठ वळवून टोपी काढली, फटका मारला, आणि स्टिक पुसायच्या आधीच टोपी पुन्हा चढवली. "ही पुरुषाची स्टिक. पाच, सात हे सगळं म्हाताऱ्यांचं काम."

निरीक्षक दुसऱ्याच दिवशी खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले. तिथे एक बाई मापं घ्यायची. ती एके काळी स्वतः मोठ्या स्पर्धा खेळलेली होती, आणि गिऱ्हाइकाला गोड बोलायचं असतं हे तिला कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

"मला वूड हवंय. तीन नंबर," निरीक्षक म्हणाले. "लाकूड चांगलं वाळलेलं आहे ना?"

"काका, नाव वूड आहे. आत लाकडाचा तुकडा नाही. डोकं धातूचं, आणि तेही पोकळ." तिने तीन स्टिका त्यांच्यासमोर ठेवल्या. "हा तीन. याचं तोंड सरळ उभं आहे. चेंडू खालून सुसाट जातो, पण मारणाऱ्याच्या हातात वेग पाहिजे. हा पाच, याचं तोंड थोडं मागे कललेलं. आणि हा सात. आणखी कललेला, दांडाही आखूड. चेंडू आपणहून वर उठतो. आता मारा, मी बघते."

जाळीसमोर उभं राहून निरीक्षकांनी मारलं. समोरच्या पडद्यावर आकडे उमटले. बाईने ते पाहिले, मग निरीक्षकांकडे पाहिलं.

"काका, चेंडूला लागेल म्हणून जपताय का?"

"हा माझा नेहमीचा वेग आहे."

"बरं. मग या वेगाने तीन नंबर मारलात तर चेंडू वर उठणारच नाही. हे बघा, इथे पडला. आता सात मारा." त्यांनी मारला. पडद्यावरचा चेंडू छान कमान करून उठला आणि आधीच्यापेक्षा बराच पुढे जाऊन पडला. "बघा. तुम्हाला सातच लांब जातो. तुमची स्टिक ही."

निरीक्षकांनी पडद्याच्या मागे वाकून पाहिलं. मग म्हणाले, "हे यंत्र शेवटचं कधी तपासलंय?"

बाईने कपाटातून प्रमाणपत्र काढून दिलं. निरीक्षकांनी ते खालच्या बारीक अक्षरांसकट वाचलं. मुदत शिल्लक होती. सही होती. शिक्का सरळ होता.

"या सातवरचा आकडा बदलून मिळेल का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही."

"मग तीनच द्या."

बाईने एक सुस्कारा सोडला आणि तीन नंबर बांधून दिला.

पुढचे काही रविवार कसे गेले ते निरीक्षकांनाच ठाऊक. तीन नंबरने मारलेला चेंडू गवतातून उंदरासारखा पळायचा आणि थोड्याच अंतरावर दम लागल्यासारखा थांबायचा. तो उचलला जावा म्हणून त्यांनी स्टिक खालून घालून पाहिली, तर चेंडू तिथेच आणि मातीचं ढेकूळ पुढे. मागून येणारे खेळाडू म्हणाले, "काका, विहीर काढायची असेल तर आधी परवानगी काढावी लागते." निरीक्षकांनी वाऱ्याला दोष दिला, उताराला दिला, नव्या बुटांना दिला. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्यांना स्वतःलाही कळत होतं. पण साडू शेजारी उभे राहून म्हणत, "तीन नंबरला मनगट लागतं साडूबुवा, मनगट!" मग माघार कशी घ्यायची?

शेवटी एके दिवशी ते गुपचूप दुकानात गेले. बाईने तीन ठेवून घेतला आणि सात दिला. वर एक टोपी दिली, त्यावर ७ छापलेला. निरीक्षकांनी टोपी परत केली.

घरी येऊन ते बायकोजवळ बसले. ती इस्पितळाच्या नोंदणी विभागात होती आणि जेवणाच्या सुट्टीत तिच्या हाती कायम सुया असत.

"एक टोपी विणून हवी होती. या स्टिकला. वर आकडा घाल. तीन."

बायकोने स्टिक उलटी करून पाहिली. "यावर सात लिहिलंय."

"हो. तू तीन घाल."

तिने चष्म्यावरून त्यांच्याकडे एकदा पाहिलं. "लोकर कुठल्या रंगाची?" एवढंच म्हणाली. नंतर फोनवर ताईशी बोलताना ती एवढी हसत होती की डोळ्याला पदर लावायची वेळ आली. निरीक्षकांना वाटलं, बहिणी-बहिणींचं काहीतरी असेल.

त्या रविवारी निरीक्षकांनी पाठ वळवून टोपी काढली आणि सात नंबरने मारलं. हातात काही लागल्याचंही जाणवलं नाही. चेंडू उठला, झाडांच्या शेंड्यांवर गेला, तिथे क्षणभर विचार केल्यासारखा थांबला, आणि भोकाजवळच्या हिरवळीच्या कडेला टप्पकन उतरला. निरीक्षकांच्या तोंडून "अरेच्चा!" निघून गेलं. ऑफिसात बढती मिळाली तेव्हासुद्धा ते इतकं मोठ्याने काही बोलले नव्हते.

"तीन नंबर? एवढा उंच?" साडूंनी विचारलं.

"वारा होता."

"बघू जरा स्टिक."

"नको, ओली आहे." निरीक्षकांनी घाईघाईने टोपी चढवली. झाकली मूठ सव्वा लाखाची. नवल म्हणजे साडूंनी फार आग्रह धरला नाही. उलट स्वतःच्या पिशवीची चेन ओढून घेतली.

असे सुखाचे दिवस चालले होते, तोच मैदानाच्या फलकावर जोड्यांच्या स्पर्धेची सूचना लागली. दोघांनी मिळून एकच चेंडू आळीपाळीने मारायचा. साडूंनी निरीक्षकांना विचारण्याआधीच दोघांची नावं देऊन टाकली. सूचनेच्या शेवटी एक ओळ होती: प्रत्येकाच्या पिशवीत चौदाच स्टिका चालतील, सुरुवातीला टोप्या काढून मोजणी होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरीक्षकांनी चहाचा कप पुढ्यात ओढला, पण प्यायला नाही. बायकोने विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं. सगळ्यांसमोर टोपी निघणार, खाली सात दिसणार, आणि साडू मरेपर्यंत बोलणार.

"भावजी काही बोलायचे नाहीत," बायको म्हणाली.

"त्यांना तू ओळखत नाहीस."

"त्यांच्या टोपीखाली नऊ नंबर आहे."

निरीक्षकांना ठसका लागला. बायकोने पाठीवर थोपटत सांगितलं, "गेल्या वर्षीपासून त्यांचा उजवा खांदा आखडलाय. हात वर जातच नाही. केस ताई विंचरून देते. डॉक्टरांनी व्यायाम दिलेत, पण ते करत नाहीत. दुकानात माणसं बघतात, घरात पोरं बघतात, म्हणून लाज वाटते. गोल्फ सोडवत नाही, म्हणून दुकानातल्या त्या बाईने नऊ नंबर दिला. आणि मग भावजींनी ताईला सांगितलं, तीनची टोपी विण. नमुना तिनेच मला फोनवर सांगितला, म्हणून तर तुमची इतकी पटकन झाली."

"तू मला हे सांगितलं का नाहीस?"

"ताईने शपथ घातली होती. तुमचंही मी तिला कुठे सांगितलंय!" ती जरा थांबली. "म्हणजे, सांगितलंय. पण शपथ घालून."

त्या दिवशी निरीक्षक कामावर गेले ते शीळ घालत. नऊ! जिन्याच्या प्रत्येक वळणावर त्यांच्या मनात नऊ वाजत होते. उभा जन्म ज्या माणसाने आपल्याला दुसरा ठेवला, तो आज दोन आकड्यांनी मागे होता. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबवून ते खाली बसले आणि त्यांनी डबी उघडली. पण हातातला शेंगदाणा सोलायचाच राहिला. डोळ्यांसमोर एकच चित्र यायला लागलं. आपण नव्या घरी राहायला आलो तेव्हाची गोष्ट. इमारतीची लिफ्ट बंद होती, कारण ती निरीक्षकांनी स्वतःच असुरक्षित म्हणून बंद केली होती. हमालांनी लोखंडी कपाट जिन्याने चढवायला नकार दिला. तेव्हा हेच साडू सदरा काढून पुढे झाले होते, आणि त्याच उजव्या खांद्यावर कपाट घेऊन शिव्या देत तीन मजले चढले होते. आणि आता त्या माणसाला कंगवा उचलवत नाही.

बाहेर लोक दार बडवत होते. "झालं का हो?"

"झालं," निरीक्षक म्हणाले आणि उठले. एवढ्या लवकर दार उघडलेलं पाहून लोकच दचकले.

स्पर्धेच्या दिवशी मोजणीला जे पंच होते, ते शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक. गळ्यात शिट्टी आणि अंगात शिस्त. "टोप्या काढा! मागच्या वर्षी एकाने एका टोपीत दोन कोंबल्या होत्या!" रांग पुढे सरकत होती. साडूंचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

"मी जरा आलो," ते म्हणाले. "बूट गाडीत राहिले."

बूट त्यांच्या पायात होते. निरीक्षकांनी ते पाहिलं आणि दोन पावलं पुढे जाऊन आपली पिशवी पंचांपुढे ठेवली. मग, आयुष्यात कधी काढला नव्हता एवढा मोठा आवाज काढून ते म्हणाले, "पंचसाहेब! माझी टोपी खोटी आहे! वर तीन आहे, आत सात आहे!" आणि त्यांनी टोपी उपटून स्टिक उंच धरली.

सगळी रांग वळली. कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसले. पंच गोंधळले. "टोपीवर काय असावं याचा नियम नाही. पण का हो, असं का केलंत?"

"साडूंना टोपी घालायला."

यावर जो हशा झाला, त्यात पंचांची शिट्टीसुद्धा ऐकू येईना. शाळेतल्या सवयीप्रमाणे त्यांनी निरीक्षकांना खरं बोलण्याच्या महत्त्वावर पाच मिनिटं ऐकवलं. तोवर रांग तुंबली, मागचे ओरडू लागले. शेवटी पंचांनी टोप्या न काढताच साडूंच्या पिशवीकडे वरवर बघत बोटांवर मोजलं आणि हशा ऐकून परत फिरलेल्या साडूंना हात हलवला. "तुम्ही जा हो! बिचारे तुम्ही!"

निरीक्षकांना वाटलं होतं, साडू निदान गप्प बसतील. छे! जीव वाचल्याबरोबर गडी पुन्हा रंगात आला. "सात नंबर! साडूबुवा, सात! म्हातारे झालात की हो! आणि मला सांगतात, वारा होता!" पहिल्या भोकापासून हे सुरू झालं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवून साडू सांगत होते. निरीक्षक दात-ओठ खाऊन चालत होते. जिभेच्या टोकावर नऊचा आकडा आला होता. ते तो पुन्हा पुन्हा गिळत होते.

तळ्यापाशी आले. निरीक्षकांच्या फटक्याने चेंडू छान पट्ट्यात पडला होता. पुढे पाणी, पाण्यापलीकडे हिरवळ. आता पाळी साडूंची. त्यांनी पाठ वळवून टोपी काढली आणि स्टिक अंगाआड धरली. हात मागे नेला, तो खांद्यापर्यंत येऊन अडकला. ओठ आवळून त्यांनी पुन्हा नेला. पुन्हा तिथेच. कपाळावर घाम आला.

निरीक्षक जवळ गेले. "अर्ध्यातूनच मारा," ते हळू आवाजात म्हणाले. "नऊ नंबरला पूर्ण हात लागत नाही. तो चेंडू आपणहून उचलतो."

साडू तसेच वाकून उभे राहिले. मान वर न करता म्हणाले, "कुणी सांगितलं?"

"आपल्या घरात कुणाला काय सांगावं लागतं का?"

"दोघी बहिणी म्हणजे आकाशवाणी आहे नुसती." साडूंनी घाम पुसला, डाव्या हाताने. "कधी कळलं?"

"गेल्या आठवड्यात."

"म्हणजे सकाळी पंचांसमोर तू..." इतक्या वर्षांत ते निरीक्षकांना पहिल्यांदाच 'तू' म्हणाले होते. "आणि मी तेव्हापासून बडबडतोय! एक शब्द बोलायचा होतास!"

"तुम्ही बोलू देता का?"

साडू हसले. मग वाकून त्यांनी अर्ध्या हाताने मारलं. चेंडू नीट उठला, तळ्यावरून गेला, पलीकडच्या काठावर पडला. दोघांनी श्वास रोखला. चेंडूने काठावर जरा घोटाळल्यासारखं केलं आणि मागे घरंगळत येऊन डुबुक्कन पाण्यात गेला.

"वारा होता," साडू म्हणाले.

त्यांची जोडी शेवटून दुसरी आली. शेवटचे होते ते मध्येच घरी निघून गेले होते. बक्षिसं वाटली जात असताना हे दोघे कपडे बदलायच्या खोलीत होते. साडूंना स्वेटर डोक्यातून काढता येईना. निरीक्षकांनी एक बाही धरली, मग दुसरी. स्वेटर निघाल्यावर म्हणाले, "डॉक्टरांनी कुठला व्यायाम सांगितलाय?"

"काही नाही रे. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. पोरखेळ. करताना माणूस वेडा दिसतो."

"इथे कोण बघतंय? करा."

"एकटा नाही करणार."

मग निरीक्षकही भिंतीला तोंड करून शेजारी उभे राहिले आणि त्यांनीही आपला धडधाकट हात भिंतीवरच्या फरशीवर टेकवला. दोघांची बोटं खेकड्यासारखी वर चढू लागली. पहिली फरशी, दुसरी, तिसरी. साडू कण्हले. "बास."

"दम घ्या. घाई नाही. मला कुठेही जायचं नाहीये."

बोटं पुन्हा निघाली. तेवढ्यात दार उघडून पंच आत आले आणि भिंतीला चिकटलेल्या त्या दोघांकडे पाहून जागीच थबकले. "काय चाललंय हे?"

"तपासणी," निरीक्षक मान न वळवता म्हणाले.

पंच आल्या पावली परत गेले. साडूंची बोटं चौथ्या फरशीच्या कडेला पोचली होती. त्यांनी डोळे बारीक करून ती कड पाहिली, दात-ओठ खात आणखी बोटभर वर सरकवली, आणि म्हणाले, "ही फरशी ज्याने बसवली ना, त्याला माझ्यासमोर आणा. अख्खी ओळ तिरकी गेलीय."